हिमप्रवासातील निदानपरिवर्जन

हिवाळ्यात मनालीहून अटल बोगद्यापलीकडे भाड्याची एसयूव्ही स्वतः चालवीत जाणाऱ्या रुग्णास वैद्याने एक सूचना अवश्य द्यावी. वाहन बर्फात अडकून सायलेन्सरची नळी बुजली, तर चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेले किमान 22 प्रवासी दगावले. थंडीबरोबर हा वायूही त्यास कारणीभूत मानला गेला. त्यास रंग नाही, गंध नाही. शिरःशूल, हृल्लास, तंद्रा ही त्याची लक्षणे उंचीवरील आजाराचीच भासतात. अशा वेळी औषधाची पेटी उघडण्यापूर्वी इंजिन बंद करावे, रुग्णास मोकळ्या हवेत आणावे व प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. इंजिन सुरू करण्याआधी नळीभोवतीचा बर्फ काढणे, हेच येथे निदानपरिवर्जन होय.