दोनाचा एकतिसावा घात, वजा एक

२१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. प्रोग्रॅमिंग करणारे हा आकडा लगेच ओळखतात. ‘संगणकाला मोजता येणारी सर्वांत मोठी संख्या’ अशी त्याची ख्याती आहे. ती खोटी आहे. पण तिच्याहून जुना एक गैरसमज आधी पाहू.

२१४७४८३६४७ म्हणजे दोनाचा ३१वा घात, वजा एक. ३१ ही मूळ संख्या, म्हणून हीसुद्धा मूळ, असं अनेकजण धरून चालतात. उत्तर बरोबर, रीत चूक! ११ देखील मूळच, पण दोनाचा ११वा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि ते होतात २३ गुणिले ८९. घातांक २३ किंवा २९ घेतला तरी तीच गत. घातांक मूळ नसेल तर अशी संख्या मूळ नसतेच. तो मूळ असला तर मात्र कसलीच हमी नाही. या संख्यांना ज्याचं नाव मिळालं, त्या मर्सेनच्या १६४४च्या यादीतही ६७ आणि २५७ चुकून शिरले होते, तर ६१, ८९ आणि १०७ सुटले होते. ३१ मात्र बरोबर होता.

तसं सिद्ध केलं ऑयलरने. १७७२मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यासाठी कोट्यवधी भागाकार करावे लागले असतील, असं वाटतं. खरं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४०पर्यंतच भागून पाहिलं की पुरतं. ऑयलरने तेही वाचवलं. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३च उरायला हवी. उरले फार तर ३७२ भागाकार. सुट्टीत चिकाटीने बसलं तर शाळकरी मुलालाही जमतील.

या मूळ संख्येला दोनाच्या ३०व्या घाताने गुणलं की १९ अंकी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीज बाकी सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, मिळते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणारच नाही, असं पीटर बार्लोने १८११मध्ये लिहिलं. १८७६मध्ये ल्युकाने ३९ अंकी मर्सेन मूळ संख्या सिद्ध केली आणि तिच्यासोबत कितीतरी मोठी परिपूर्ण संख्याही आली. २०२४मध्ये सापडलेल्या मूळ संख्येत तर चार कोटींहून जास्त अंक आहेत.

देवळालीच्या कापरेकर गुरुजींची ‘हर्षद’ ही उपाधी मात्र हिला मिळत नाही. अंकांची बेरीज ४६, आणि हर्षद संख्येला त्या बेरजेने पूर्ण भाग जावा लागतो. दोन किंवा अधिक अंकी कुठलीच मूळ संख्या या कसोटीला उतरत नाही.

आता संगणक. ३२ बिटांच्या खणात एक बिट धन-ऋण चिन्हाला गेला की उरतात ३१. म्हणून कमाल एवढीच. मर्यादा खणाची आहे, यंत्राची नव्हे. पायथनमध्ये शंभर अंकी संख्याही सहज गुणता येते. ‘गंगनम स्टाईल’ गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने २०१४मध्ये ही हद्द गाठली, तेव्हा यूट्यूबने खण ६४ बिटांचा केला. जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद अशाच ३२ बिटी खणात मोजतात. १९ जानेवारी २०३८ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो भरेल, आणि पुढच्याच सेकंदाला त्यांचं कॅलेंडर डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. खण रुंद केलेल्या प्रणालींना ही अडचण नाही.

त्या ६४ बिटी खणाची कमाल म्हणजे दोनाचा ६३वा घात, वजा एक: ९२२३३७२०३६८५४७७५८०७. थोरली बहीण म्हणून हीसुद्धा मूळ असेल, असं वाटेल. पण ६३ला तीनने भाग जातो, त्यामुळे हिला सातने भाग जातो.