सूचक, अनुमोदक आणि प्रशासक

बोईसरला उतरून रिक्षाने तारापूर एमआयडीसीकडे निघालं, की दोन्ही बाजूंना शहरच दिसतं. पण या शहराचा कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीतूनच चालत आला आहे. घरपट्टी तिथेच भरायची आणि गटाराची तक्रारही तिथेच न्यायची.

गंमत अशी, की याच पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ग्रामसभेला कायद्याने अधिक वजन आहे. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांमुळे गौण वनोपजावर तिचा हक्क चालतो. आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के निधीचा आराखडाही तिच्यापुढे यावा लागतो. वही उघडते, ग्रामसेवक ठराव लिहितो, सूचक कोण आणि अनुमोदक कोण ते नोंदवतो. मग वही फिरते आणि सह्यांच्या शेजारी अंगठे उमटतात.

वरचा मजला जिल्हा परिषदेचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून आठ तालुके वेगळे होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. लगेच जानेवारी २०१५ मध्ये ५७ जागांसाठी पहिली निवडणूक झाली. निम्म्या जागा महिलांच्या. पदाधिकारी निवडून आलेले, तर मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारने पाठवलेला. सभागृहात प्रश्न पहिल्यांनी विचारायचे, उत्तरं दुसऱ्याने द्यायची.

निवडून आलेलेच नसतील तर काय होतं, हे अरब प्रजासत्ताक इजिप्तमध्ये दिसतं. तिथल्या २७ प्रांतांचे गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमतात. स्थानिक परिषदा २०११ मध्ये बरखास्त झाल्या. २०१४ च्या राज्यघटनेने त्यांत महिला आणि तरुणांना प्रत्येकी पाव हिस्सा दिला, पण पुढे दहा वर्षं उलटली तरी निवडणूक काही झाली नाही.

आपण हसण्याचं कारण नाही. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि २०२२ पासून महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून तिथे प्रशासक बसले. प्रशासक फाईल हलवतो, कधीकधी सदस्यांपेक्षा झपाट्याने. पण बदली झाली की तो निघून जातो. मोडलेल्या रस्त्याबद्दल मतदाराच्या दारात येऊन बोलणी खायची वेळ सदस्यावर येते, त्याच्यावर कधीच येत नाही.