शिकवावयास शिकणें : पंडिता रमाबाई आणि फ्रोबेलची बालशाळा

ज्यास पुष्कळ येतें त्यास शिकवितांहि येतें, अशी एक समजूत समाजांत फार दिवसांपासून चालत आली आहे. त्यांतून लहान मुलांचा वर्ग म्हटला म्हणजे तेथें विद्वत्ता तर राहोच, पण विशेष तयारीचीहि गरज नाहीं. मुळाक्षरें आणि पाढे ज्यास येतात तो कोणीहि तें काम निभावून नेईल, असें सहज बोललें जातें. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत हें ज्यांनीं आपल्या आचरणानें दाखविलें, त्यांत पंडिता रमाबाईंचें नांव अग्रभागीं येतें. १८८६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं संस्कृतच्या या नामांकित पंडिता बालशिक्षिकेचें काम शिकण्यासाठीं विद्यार्थिनी म्हणून बसल्या. त्यांनीं लोंकरीचे चेंडू आणि लांकडी ठोकळे हातीं कां घेतले, आणि त्यांतून कोणता धडा निघाला, हें पाहण्यासारखें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें होतें. पुढें त्याच लक्ष्मीबाईंनीं मुलीस वयाच्या आठव्या वर्षापासून शिकविलें. कुटुंब तीर्थें करीत, पुराणें सांगत हिंडे. भागवताचे हजारों श्लोक या मुलीस मुखोद्गत झाले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. कानानें ऐकावें, मुखानें म्हणावें, स्मरणांत सांठवावें, या जुन्या रीतीनेंच त्या मोठ्या झाल्या होत्या. त्या रीतीचें सामर्थ्य त्यांच्याइतकें क्वचितच कोणास ठाऊक असेल. मात्र आईनें ज्या पद्धतीनें शिकविलें तिच्यामुळें पुढें स्वतःचें शिक्षण स्वतः चालविण्याचें बळ आलें, असेंहि त्यांनीं आपल्या आत्मवृत्तांत कृतज्ञतेनें नमूद केलें आहे.

१८८२ सालीं रमाबाईंस वैधव्य आलें. पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी होती. त्याच वर्षीं पुण्यास हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना त्यांनीं मुलींच्या शाळांसाठीं चांगल्या तयार झालेल्या शिक्षिका, स्त्री-निरीक्षक आणि स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. १८८३ सालीं त्या वैद्यकाचा अभ्यास करण्याच्या उद्देशानें विलायतेस गेल्या. परंतु ऐकूं कमी येत असल्यामुळें तो मार्ग बंद झाला. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत वाँटेज येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि नंतर चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत अध्ययन केलें. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पदवी मिळाली. त्या समारंभास म्हणून रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि जवळजवळ तीन वर्षें तेथेंच राहिल्या. याच मुक्कामांत फ्रोबेलच्या पद्धतीनें त्यांचें लक्ष वेधून घेतलें.

फ्रेडरिक फ्रोबेल हा जर्मनींतील थुरिंजिया प्रांतांतला, एका धर्मोपदेशकाचा मुलगा. जन्म १७८२ सालचा. तो एक वर्षाचाहि झाला नव्हता तोंच आई वारली. शिल्पशास्त्राचा अभ्यास करावयास म्हणून तो फ्रँकफुर्टला गेला, आणि १८०५ सालीं अनपेक्षितपणें तेथील एका शाळेंत वर्गापुढें उभा राहिला. आपणांस शिकवावयाचें असेल तर आधीं शिकविणें शिकलें पाहिजे, हें त्यास उमगलें. आणि १८०८ पासून दोन वर्षें तो स्वित्झर्लंडमध्यें पेस्तालोझीजवळ जाऊन राहिला. १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें त्यानें लहान मुलांसाठीं संस्था काढली, आणि १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, असें नांव दिलें. मूल हें रोप आणि शिक्षक हा माळी. माळी रोपास ओढून वाढवीत नाहीं. माती, पाणी आणि ऊन यांची तजवीज करून तो वाट पाहतो. शिक्षणानें मुलाच्या पुढें धांवूं नये, मागून जावें व जपावें, असें मत त्यानें १८२६ च्या आपल्या ग्रंथांत मांडलें होतें.

हें तत्त्व वर्गांत कसें उतरतें तें त्याच्या साधनांवरून कळतें. या साधनांस तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी सहा रंगांच्या मऊ लोंकरी चेंडूंची. दुसरींत लांकडी गोल, घन आणि नळकांडें. तिसरी देणगी म्हणजे दोन इंच बाजूचा एक लांकडी घन. तो कापून एकेक इंचाचे आठ लहान घन केलेले असतात. पेटी मेजावर पालथी घालावयाची, झांकण हळूच ओढून घ्यावयाचें आणि पेटी सरळ वर उचलावयाची. मुलापुढें प्रथम अखंड घन उभा राहतो. मग तें त्याचे तुकडे करतें. कोणतें मूल खुर्ची करतें, कोणतें जिना, कोणतें नक्षी. दोन सारखे भाग केले म्हणजे अर्धा, चार केले म्हणजे पाव, हें त्यास व्याख्येवांचून समजतें. नियम मोजकेच: आठहि तुकडे कामांत आणावयाचे, झालेलें मोडून टाकावयाचें नाहीं, तर एकेक तुकडा हलवून त्याचेंच दुसरें कांहीं करावयाचें, आणि शेवटीं सर्व जुळवून पुन्हां अखंड घन पेटींत ठेवावयाचा.

पाहणारास हा खेळ वाटतो. पण नव्या शिक्षिकेची खरी परीक्षा येथेंच होते. मुलाचा जिना कलतो, तेव्हां तिचा हात आपोआप पुढें जातो. तो आवरावयास शिकणें हा तिचा पहिला धडा. मूल चुकीचें नांव घेतें, तेव्हां उत्तर तिच्या जिभेवर असतें. तें रोखून योग्य प्रश्न विचारणें हा दुसरा. म्हणूनच बालशिक्षिका तयार करणाऱ्या शाळांत नुसतीं व्याख्यानें पुरेशीं मानीत नसत. विद्यार्थिनीनें कागदाच्या घड्या, पट्ट्यांचें विणकाम, टोंचकाम, मातीकाम हें सर्व आधीं स्वतःच्या हातांनीं करावयाचें, आणि अनुभवी शिक्षिकेच्या हाताखालीं प्रत्यक्ष मुलांत वावरावयाचें. आपली घडी वांकडी पडल्यावर मुलाच्या वांकड्या घडीवर रागावणें कठीण जातें. ज्यानें विद्या पाठांतरानें मिळविली त्यास तर हा धडा अधिकच अवघड; कारण सांगून टाकणें हेंच त्याचें बळ असतें, आणि येथें तेंच बळ राखून ठेवावें लागतें.

रमाबाईंस या पद्धतींत केवळ मौज दिसली नाहीं. हिंदुस्थानांतील बालविधवेचा प्रश्न त्यांच्या डोळ्यांपुढें होता. तिच्या उपजीविकेस सन्मानाचें साधन हवें होतें, आणि मुलींच्या शाळांस शिक्षिका हव्या होत्या. एक गरज दुसरीस पुरवितां येईल, हें त्यांनीं जाणलें. अमेरिकेंत असतांनाच त्यांनीं सचित्र मराठी क्रमिक पुस्तकांच्या तयारीस आरंभ केला. डिसेंबर १८८७ मध्यें बोस्टन येथें त्यांच्या कार्यास दहा वर्षें साहाय्य देण्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस ‘शारदासदन’ उघडलें. तेथें प्रथम दाखल झालेल्या विधवा मुलींत गोदूबाई या होत्या. पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि बाया कर्वे म्हणून त्या महाराष्ट्रास परिचित झाल्या.

१८९० सालीं सदन पुण्यास आलें, आणि तेथें शिक्षिकेच्या संयमाचा प्रश्न ठोकळ्यांपुरता राहिला नाहीं. सदनांत धर्माची सक्ति नसावी, मुलींनीं आपापले आचार पाळावे, असें ठरलेलें होतें. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलींत करीत. पण खोलीचें दार उघडें असे, आणि कांहीं मुली तेथें येऊन बसूं लागल्या. ‘कोणास बोलावीत नाहीं, तसें कोणास घालवूनहि देणार नाहीं,’ अशी रमाबाईंची भूमिका होती. पालकांचें म्हणणें निराळें होतें: ज्या बाईवर मुलींची माया जडली आहे, तिचें उघडें दार हेंच एक आमंत्रण नव्हे काय? १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि पुष्कळ मुली सदनांतून काढून नेण्यांत आल्या. दोन्ही पक्षांकडे सद्‌हेतु होता, हेंच या वादाचें दुःख. शिक्षिकेनें आपली श्रद्धा लपविली तर ती मुलांशीं खरी राहत नाहीं. आणि ती प्रकट केली तर वयानें व मनानें कोवळ्या मुलांवर तिचें वजन पडल्यावांचून राहत नाहीं. ठोकळ्यांच्या खेळांत हात आवरतां येतो. स्वतःचें अस्तित्व मात्र कोणासच वर्गाबाहेर ठेवतां येत नाहीं.

रमाबाईंचें कार्य पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत वाढलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं तेथेंच त्यांचा देहान्त झाला. बालशिक्षणाची वाट मात्र थांबली नाहीं. १९२६ सालीं गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ सालीं बोर्डीस ताराबाईंनीं खेड्यांतील मुलांसाठीं काम सुरू केलें, आणि महागड्या साधनांऐवजीं शिंपले, खडे, पानें, बिया मुलांच्या हातीं दिल्या. साधनें बदललीं, पद्धतींचीं नांवें बदललीं. पण शिक्षिकेपुढील प्रश्न तोच राहिला.

आज ज्या घरांत मूल शाळेंत जाऊं लागतें, तेथें त्यास किती अक्षरें आलीं हें प्रथम विचारलें जातें. त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहणें हितावह होईल. मुलाचा मनोरा कलूं लागला असतां त्याच्या बाई काय करतात? त्या स्वतः तो नीट करून देतात, कीं क्षणभर थांबतात? त्या थांबलेल्या क्षणांत मूल स्वतः हात पुढें करतें, आणि त्याच्या शिक्षणास तेथूनच आरंभ होतो.