वीस लिटर, न उचलता

पहाटे ५.३०
चेन्नईतल्या तिरुवान्मियूरच्या आमच्या इमारतीत पाण्याचे कॅन येतात. कॅनवाला तंबी एक खांद्यावर, एक हातात घेऊन जिना चढतो आणि दाराशी ठेवून जातो. खरी अडचण तिथून पुढे. वीस लिटर म्हणजे वीस किलो. स्वयंपाकघरापर्यंत कॅन पायाने सरकवता येतो, पण स्टँडवर उपडा घालायला उचलावाच लागतो. शेजारच्या मामी सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. कॅन उचलून द्यायला कुणी येईपर्यंत त्या थांबतात. २०१९ साली शहराचे चारही मोठे तलाव आटले, तेव्हा जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आलं. दारापासून पेल्यापर्यंतचं अंतर मात्र ज्याचं त्यानेच निभवायचं असतं. माझं काम त्या अंतरावर चाललंय.

७.००
गॅलरीतल्या टेबलावर रेखाटनं. पवईच्या आयडीसी या डिझाइन संस्थेत शिकून मी बरीच वर्षं एका डिझाइन सल्लागार कंपनीत काढली. काम मनासारखं होतं. पण कंपनीच्या ग्राहकाने डिझाइन मंजूर केलं की त्या वस्तूशी माझा संबंध संपे. ती कुणाच्या घरात गेली, वापरात राहिली की माळ्यावर पडली, हे कळत नसे. ते कळावं म्हणून नोकरी सोडली.

आता कॅनसाठी झुलती चौकट करतेय. फिरण्याचा आस भरल्या कॅनच्या गुरुत्वमध्याजवळ ठेवला की एका हाताने तो कलतो. मात्र कलल्यावर पाणी तोंडाकडे धावतं, वजन पुढे सरतं आणि कॅन झपकन खाली जाऊ पाहतो. म्हणून अटकाव हवा. कलताना बुडाचा कोपरा जमिनीला घासू नये म्हणून चौकट तीन बोटं वर, आणि तेवढं चढायला समोर उतरती पट्टी.

९.३०
गिंडी औद्योगिक वसाहत, १९५८ पासूनची. इथल्या एका शेडमध्ये पाइप वाकवून मिळतात. शेडमध्ये असलेल्या डायवरच (वाकवायच्या साच्यावरच) मी माझं वळण बसवते. नवी डाय केली तर किंमत मामींच्या आवाक्याबाहेर जाईल. वापर ओला, म्हणून ३०४ स्टेनलेस स्टील. वेल्डिंग करणारे अण्णा म्हणाले, "मॅडम, सांधा आतून घेऊ. बाहेर घेतला तर पुसताना फडकं अडकेल." असा सल्ला मला एकाही बैठकीत मिळाला नव्हता.

१२.३०
दहीभात, मग पेटंटचे कागद. पेटंट कार्यालय गिंडीतच आहे, पण अर्ज ऑनलाइन भरता येतो. एकट्या व्यक्तीला १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. तात्पुरतं विवरण दिलं की पूर्ण विवरणासाठी बारा महिने मिळतात. अर्ज जाईपर्यंत वस्तू प्रदर्शनात मांडायची नाही; आधी जाहीर झालेल्या कल्पनेचा नवेपणा कायद्याच्या लेखी सहसा संपतो.

३.००
तरमणीला, आयआयटी मद्रासच्या रिसर्च पार्कमध्ये एका ओळखीच्या इंजिनिअरची भेट. याच आयआयटीतल्या प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या केंद्राने घडवलेली 'अराइज' ही व्हीलचेअर २०१९ मध्ये आली. बसलेल्या माणसाला ती स्वतःच्या बळावर उभं राहू देते. ती चेन्नईच्याच फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने बनवली. संशोधक, कारखानदार आणि वापरणारा एकाच शहरात असले की वस्तू प्रयोगशाळेबाहेर पडते, हे मला इथे पटलं.

५.००
मामींच्या स्वयंपाकघरात चाचणी. मी काहीच सांगायचं नाही, नुसतं पाहायचं. मामी डाव्या हाताने चौकटीचा आधार घेतात आणि उजव्या हातात सोंबू (तांब्या) धरतात. म्हणजे कलवायला हात उरतच नाही. पायाने दाबायची पट्टी लागणार.

८.००
हिशोब. घरभाडं कॉलेजातल्या तासिकांवर निघतं, बाकीचं साठवणीतून. आज चौकटीचा खर्च पुन्हा मांडला, पायपट्टी धरून; दोन सांधे कमी केले तर किंमत वाढत नाही. उद्या अण्णांकडे नवं रेखाटन जाईल. त्यावरून नमुना तयार झाला की तो मामींकडे ठेवायचा, महिनाभर त्यांच्या सवयीने चालू द्यायचा, आणि त्यांनी कुणाची वाट पाहणं थांबवलं का, एवढंच विचारायचं. उत्तर 'हो' आलं, तरच दुसरा नमुना करायचा.