जिंकलं की गुरू जातो

१७ मार्च २०२३. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी न्यू जर्सीच्या फेअरली डिकिन्सन या छोट्या विद्यापीठाने कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत बलाढ्य पर्ड्यूला ६३-५८ असं हरवलं. पर्ड्यूकडे सात फूट चार इंच उंचीचा झॅक ईडी होता; डिकिन्सनचा संघ अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीतल्या साडेतीनशेहून जास्त संघांत सगळ्यांत बुटका. आदल्या हंगामात या संघाला जेमतेम चार विजय मिळाले होते. प्रशिक्षक टोबिन अँडरसन खालच्या श्रेणीतून नुकतेच आले होते आणि एका वर्षात त्यांनी हे घडवलं.

त्यानंतर चारच दिवसांनी ते आयोना विद्यापीठात रुजू झाले. तिथली जागा रिकामी होती, कारण रिक पिटिनो त्याहून मोठ्या सेंट जॉन्सला गेले होते. एक वर वर सरकला, की खालची अख्खी रांग हलते. २०२२ मध्ये सेंट पीटर्स या चिमुकल्या कॉलेजला त्याच स्पर्धेच्या अंतिम आठांत नेणारे शाहीन हॉलोवे असेच लगेच सीटन हॉलला गेले. मला यातली सगळ्यांत थक्क करणारी बाब ही वाटते की इथे कुणीच खलनायक नाही. छोटं कॉलेज देऊ शकतं त्याच्या कितीतरी पट पगार समोर असताना माणूस जाणारच. आणि वर गेलेल्यालाही स्थैर्य नाही: आयोनाने दोनच हंगामांनंतर अँडरसनना निरोप दिला.

पैशाची वाट तर आणखी अजब. हंगामाच्या सुरुवातीला मोठी विद्यापीठं छोट्यांना आपल्या मैदानावर बोलावतात आणि येण्याचे पैसे मोजतात, कधीकधी एका सामन्याचे ८०-९० हजार डॉलर. पाहुण्यांनी बहुधा हरावं, अशीच अपेक्षा असते. त्या हरण्याच्या पैशातून वर्षभराचा प्रवास आणि साहित्य भागतं. बाकीचा भार बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांच्या फीवर. राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या सामन्यामागे सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर येतात, पण ते कॉलेजच्या संघटनेकडे जातात आणि सभासदांत वाटले जातात. म्हणजे पराक्रम एकाचा, वाटा सगळ्यांचा, आणि गुरू भलतीकडेच!

गुरू आणि आश्रय यांची ही ओढाताण काशीच्या दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या गल्ल्यांत वाढलेल्या मराठी माणसाला परकी वाटू नये. दुसऱ्या बाजीरावांचे तालीमगुरू बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं आणि त्यांच्या परंपरेतल्या कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीत आखाडा चालवला, असं तालीमबाज सांगत आले आहेत. पेशवाई १८१८ मध्ये गेली, बाजीराव बिठूरला आले. वर्षाला आठ लाखांचा तनखा होता, तोही १८५१ मध्ये त्यांच्या मृत्यूबरोबर थांबला. विद्या मात्र थांबली नाही, ती शिष्यांबरोबर फिरत राहिली. आखाड्यात वस्तादाचं स्थान पगारावर ठरत नसे, ते शिष्यांच्या मानण्यावर आणि पिढ्यांच्या नात्यावर उभं असे. नागपंचमीला काशीतले आखाडे आजही सजतात.

आता वरुणा नदी ओलांडून भोजूबीरला या. १९०९ मध्ये भिनग्याचे राजर्षी उदयप्रताप सिंह यांनी काढलेली शाळा आज उदयप्रताप कॉलेज आहे. बनारसी माणूस त्याला यूपी कॉलेजच म्हणतो. इथल्या बास्केटबॉलच्या मैदानातून विशेष भृगुवंशी आला, पुढे भारताचा कर्णधार झाला, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. याच मैदानावर दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा या सिंह भगिनी घडल्या. चौघीही भारतासाठी खेळल्या. प्रशांतीला २०१७ मध्ये अर्जुन आणि २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. एका घरातून, एका मैदानातून इतकं!

आपल्याकडे कॉलेजच्या बास्केटबॉलला तिकिटाचं उत्पन्न नाही, टीव्हीचे करार नाहीत, त्यामुळे प्रशिक्षकाची पळवापळवीही नाही. पण अस्थिरता आहेच, फक्त तिची कारणं वेगळी. सरकारी प्रशिक्षकाची बदली होते. मानधनावर नेमलेल्याची मुदत संपते आणि नव्या आदेशाची वाट पाहावी लागते. मधल्या महिन्यांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं जे राहून जातं, ते नंतर भरून निघत नाही. याची हळहळ मला अमेरिकेतल्या कुठल्याही राजीनाम्यापेक्षा जास्त वाटते. आणि खेळाडू मोठा झाला की रेल्वे, ओएनजीसी अशा संस्थांकडे जातो, कारण नोकरी तिथे असते. अमेरिकेत गुरू वर जातो, इथे शिष्य जातो.

मग मैदान टिकतं कसं? सिंह भगिनींकडे पाहिलं तर थोडं उलगडतं. दिव्या भारताची कर्णधार झाली, नंतर अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकली, आणि परत येऊन भारतीय संघांना शिकवू लागली. या चौघींची थोरली बहीण प्रियांकाही बास्केटबॉलची प्रशिक्षकच झाली.