बदक नक्की कशाला म्हणायचे?



इंग्रजीत असे म्हणतात की, जे बदकासारखे दिसते, बदकासारखे वागते आणि बदकासारखे ओरडते, ते बदकच असणार. ऐकायला सोपे वाटते. पण या तीन खुणा आपण एकेक करून तपासू या.

आधी आवाज. बदकाच्या 'क्वॅक'चा प्रतिध्वनी येत नाही, असे पुष्कळ जण खात्रीने सांगतात. २००३ साली इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात ट्रेव्हर कॉक्स या ध्वनिशास्त्रज्ञांनी डेझी नावाच्या बदकाला प्रयोगशाळेतच नेले. प्रतिध्वनी आला! मग एरवी तो कळत का नाही? 'क्वॅक' एकदम थांबत नाही, हळूहळू विरत जातो. त्या विरणाऱ्या आवाजातच हलका प्रतिध्वनी मिसळून जातो.

आता वागणे. १७३९ साली पॅरिसमध्ये व्होकान्सन या कारागिराने एक यांत्रिक बदक लोकांना दाखवले. ते पंख फडफडवी, पाणी पिई, दाणे टिपी आणि थोड्या वेळाने चक्क शी करी! दाणे पोटात पचले, असेच लोकांना वाटे. पुढे युक्ती उघडकीस आली. दाणे आतच साठून राहत आणि 'शी' आधीच भरून ठेवलेली असे. बदकासारखे वागले, तरी ते यंत्रच!

राहिले दिसणे. १८९२ साली म्युनिकच्या एका विनोदी साप्ताहिकात एक चित्र छापले गेले. डावीकडून सुरुवात केली तर बदक दिसते. उजवीकडून पाहिले तर तोच ससा, आणि चोचीचे होतात कान! केंब्रिजला शिकवणारे तत्त्वज्ञ विटगेनस्टाइन यांच्या १९५३ साली, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या चित्राची चर्चा आहे. बदकाचा ससा होताना एकही रेघ बदलत नाही. मग बदलते काय? आपले पाहणे.

आमच्या वर्गातल्या मुलांना इथल्या शाळेत विचारतात, "तू नक्की कुठला?" सुट्टीत भारतात गेले की तिथेही तेच. विचारणाऱ्याला एका वेळी एकच दिसते. चित्रात मात्र दोन्ही असतात, आणि त्यासाठी एकही रेघ खोडावी लागत नाही. मुलांनो, उत्तर देताना हे जरूर आठवा.

गृहपाठ: हे चित्र मोठ्या कागदावर काढा. घरातल्या प्रत्येकाला, काही न सांगता, "काय दिसते?" असे विचारा. पहिले उत्तर लिहून आणा. पुढच्या वर्गात फळ्यावर बदके किती आणि ससे किती ते मोजू!