पाऊस न थांबवणारा जादूगार

इफिश बेटावरच्या एका घरात चौदा-एक वर्षांची यॅरो प्रवासाची शिदोरी तयार करते आहे. गव्हाचे रोट भाजणं चाललं आहे. तिचा मोठा भाऊ वेच आणि त्याचा मित्र गेड होडी घेऊन पूर्वेकडे निघणार आहेत, जिथे नकाशे संपतात त्या समुद्रात. दोघेही शिकून तयार झालेले जादूगार. त्यामुळे यॅरोला साहजिकच प्रश्न पडतो, की ही शिदोरी कशाला? भूक लागली की मंत्र म्हणा, जेवण समोर हजर! वेच तिला समजावतो. तसं जेवण आणता येईल. त्याला वास येईल, चव येईल, पोट भरल्यासारखंही वाटेल. पण तो शेवटी शब्दच. पोटाची फसवणूक होईल, अंगात ताकद येणार नाही.

उर्सुला के. ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीतला हा लहानसा प्रसंग. जादूच्या साहित्यात मला तो फार मोलाचा वाटतो. जादूने सगळंच होत असेल, तर कोणाला कसली काळजी उरेल? नायक अडचणीत सापडेलच कसा? छोट्या परीकथेत हा प्रश्न निभावून जातो. दोनशे पानांच्या कादंबरीत त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर म्हणजे जादूचे नियम.

ब्रँडन सँडरसन या अमेरिकी कादंबरीकाराने २००७ मध्ये याबद्दल एक सूत्र मांडलं. ते आज फँटसी लिहिणाऱ्यांच्या तोंडी असतं. जादू वाचकाला जितकी नीट समजलेली असेल, तितकाच तिच्या जोरावर पेच सोडवण्याचा अधिकार लेखकाला, असा त्याचा आशय. सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये माणसं धातू गिळतात आणि पोटात तो ‘जाळून’ शक्ती मिळवतात. धातू संपला की शक्ती संपली. आपल्यापेक्षा जड धातूला जादूने रेटलं, तर तो जागचा हलत नाही, रेटणाराच मागे फेकला जातो. हिशेब चोख आहे, आणि वाचकाशी इतका प्रामाणिक व्यवहार मला आवडतोही. तरी ले ग्विन यांचे नियम मला वरच्या पायरीवरचे वाटतात, कारण ते जादूने काय साधतं एवढ्यावर थांबत नाहीत. साधत असलं तरी करावं का, आणि केल्यावर त्याची किंमत कोणाला भरावी लागेल, हेही ते विचारतात.

महाभारत ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न ओळखीचा आहे. इंद्राने दिलेली शक्ती कर्णाला एकदाच वापरता येणार होती, आणि अर्जुनासाठी राखलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्ची पडली. युद्धाच्या शेवटी अर्जुन आणि अश्वत्थामा दोघांनीही महाभयंकर अस्त्रं सोडली. अर्जुनाला आपलं अस्त्र मागे घेता आलं, अश्वत्थाम्याला नाही, आणि त्याचा आघात उत्तरेच्या गर्भावर वळला. मंत्र दोघांनाही येत होता. मागे घेण्याचा अधिकार मात्र एकाकडेच होता, कारण त्यासाठी आयुष्यभराचा संयम लागत होता. ले ग्विन यांनी त्याच जातीचा विचार सगळ्या जगाचा पाया म्हणून वापरला.

अर्थसी म्हणजे शेकडो बेटांचं जग. तिथे प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं, आणि ते ड्रॅगनांच्या प्राचीन भाषेत असतं. ज्याला खरं नाव ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून माणसं आपलं खरं नाव जिवापाड जपतात आणि चारचौघांत टोपणनावाने वावरतात. गेडला सगळे ‘स्पॅरोहॉक’ म्हणून हाक मारतात. गॉन्ट बेटावरच्या खेड्यात हा आईवेगळा मुलगा मावशीच्या हाताखाली वाढला. मावशी गावची चेटकीण. शेळ्यांना बोलावताना तिने म्हटलेले शब्द त्याने ऐकले आणि अर्थ न कळताच रानात म्हणून पाहिले. शेळ्या आल्या, पण जायला तयार होईनात. त्याला अंगाने दाबत, पिवळ्या डोळ्यांनी बघत त्या त्याच्याबरोबर गावापर्यंत आल्या. पोरगं घाबरून रडायला लागलं. बोलवायचं कळलं होतं, सोडवायचं कळलं नव्हतं. पुढच्या सगळ्या कथेचं बीज या शेळ्यांच्या प्रसंगात आहे.

तेराव्या वर्षी त्याचं नामकरण होतं. मावशी त्याचं लहानपणचं नाव काढून घेते. मुलगा उघड्या अंगाने बर्फासारख्या गार झऱ्यातून पलीकडे चालत जातो, आणि काठावर उभा असलेला जादूगार ओगियन त्याच्या कानात खरं नाव सांगतो. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या आत्याची आठवण आपल्याला इथे आल्याशिवाय राहत नाही. पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं आणि हाक मारायचं नाव वेगळं, ही रीतही आपल्या घरांतून आहे.

ले ग्विन यांच्या घरातही नावाची एक गोष्ट होती. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्नियातले नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ एक आदिवासी माणूस एकटा, उपाशी अवस्थेत सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीतला तो शेवटचा होता. आपलं नाव आपण सांगायचं नाही ही त्याच्या लोकांची रीत, आणि त्याचं नाव घेऊ शकेल असं कोणी उरलेलं नव्हतं. क्रोबरनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं ‘माणूस’. १९१६ मध्ये तो गेला, खरं नाव न सांगताच. ले ग्विन यांचा जन्म १९२९ चा. पण त्यांच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, इशीचं चरित्र लिहिलं आणि ते १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं. अर्थसीच्या पहिल्या दोन कथा १९६४ च्या. त्यांतल्या एकीचा विषयच नाव सांगण्या-न सांगण्याचा नियम हा आहे.

नावात सत्ता असते ही कल्पना जुनी आहे. ले ग्विन यांचं कर्तृत्व पुढे दिसतं. रोक बेटावरच्या जादूच्या विद्यालयात नऊ गुरू आहेत. त्यांतला नामगुरू एका एकाकी मनोऱ्यात राहतो आणि मुलांना याद्या पाठ करायला लावतो. कागदावरची शाई मध्यरात्री उडून जाते, त्याआधी यादी डोक्यात बसली पाहिजे. एका चिमुकल्या बेटाच्या किनाऱ्यावरची प्रत्येक खाडी, प्रत्येक टोक, प्रत्येक खडक! कारण समुद्राला आज्ञा करायची तर ‘समुद्र’ एवढं म्हणून भागत नाही. त्याच्या प्रत्येक पट्ट्याचं, प्रत्येक सामुद्रधुनीचं नाव वेगळं. जादूगाराची सत्ता फक्त त्याच्या जवळच्या आणि त्याला पुरतं नाव घेता येईल अशाच गोष्टींवर चालते. म्हणजे या जादूची मर्यादा कोणी देवाने किंवा राजाने घातलेली नाही. जग अफाट आहे आणि आयुष्य थोडं आहे, एवढंच तिचं कारण. इतकी सुंदर मर्यादा मी दुसऱ्या कुठल्याही कल्पित जगात पाहिलेली नाही.

दुसरा गुरू नजरबंदी शिकवतो. गेड त्याला विचारतो, की खड्याचा हिरा केला तर तो हिराच राहावा यासाठी काय करायचं? गुरू तळहातावर खडा घेतो, क्षणभर त्याचा हिरा दिसतो, पुन्हा खडा होतो. दिसणं बदलायला फारसं काही लागत नाही, तो सांगतो. खरोखर बदलायचा तर त्याचं नाव बदलावं लागेल, आणि एवढ्याशा खड्याचं नाव बदलणं म्हणजेही जग बदलणं. मग त्याचं बरं-वाईट कळेपर्यंत हात आवरावा. शिवाय खडा मुळात वाईट कुठे आहे? मुलाला हे उत्तर पटत नाही, आणि त्याचं न पटणं ले ग्विन यांनी पूर्ण सहानुभूतीने लिहिलं आहे.

मला सगळ्यांत प्रिय आहे तो ओगियन. भूकंप शांत करणारा हा थोर जादूगार गेडला शिष्य म्हणून घेऊन निघतो आणि वाटेत पाऊस लागतो. ढग बाजूला सारायचा मंत्र तिथल्या किरकोळ मांत्रिकालाही येतो. जिथे मांत्रिक फार, तिथे एकाने हाकललेला ढग दुसऱ्याच्या डोक्यावर, दुसऱ्याने हाकललेला तिसऱ्याच्या, असा भटकत शेवटी समुद्रावर जाऊन बरसतो. ओगियन काहीच करत नाही. एक दाट झाड बघतो आणि त्याच्याखाली आडवा होतो. गेड ठिबकणाऱ्या झुडपांत भिजत, चिडत बसतो. वापरायचीच नसेल तर शक्ती असून काय उपयोग, हे त्याला कळत नाही. पुढे रोकवर त्याला शिकवतात, की इथे पाडलेला पाऊस म्हणजे दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ असू शकतो. ले ग्विन यांनी लाओ त्झूचं ‘ताओ ते चिंग’ लहानपणापासून वाचलं होतं आणि १९९७ मध्ये त्याचं स्वतःचं इंग्रजी रूपही प्रसिद्ध केलं. न करण्यातलं शहाणपण ओगियनकडे तिथूनच आलं आहे.

मर्यादा ओलांडणारा दर वेळी दुष्टच असतो असं मात्र नाही. गेड एका लहान बेटावर राहत असताना त्याच्या मित्राचं, एका होडी बांधणाऱ्याचं, मूल तापाने फणफणतं. रोकवर वनौषधींच्या गुरूने शिकवलेलं असतं, की आजार बरा करा, जखम भरा, पण निघालेला जीव जाऊ द्या. गेडला ते माहीत आहे. पण समोर आई आहे, आणि तिचा त्याच्यावर विश्वास आहे. तो मुलाच्या मागोमाग अंधारात उतरतो, फार पुढे जातो, मूल हाती लागत नाही आणि परतीची वाट मिळणं कठीण होतं. मुलाचा जीव वाचत नाही, गेडचा थोडक्यात वाचतो. ममतेपोटी मोडलेला नियमही इथे नियमच राहतो. हे पान वाचताना लेखिकेने वाचकाला खोटा दिलासा दिला नाही याचा मला आदर वाटतो.

तिसऱ्या कादंबरीत, ‘द फार्दस्ट शोअर’मध्ये (१९७२), कॉब नावाचा जादूगार अमर होण्यासाठी जीवन आणि मृत्यू यांच्यामध्ये भोक पाडतो आणि त्यातून जगातली जादू गळून जायला लागते. मंत्र विसरले जातात. रेशमासाठी प्रसिद्ध असलेल्या बेटावरची माणसं आपली कला हरवून बसतात. ते भोक बुजवताना गेड आपली सगळी शक्ती खर्च करतो. ती परत येत नाही.

बहुतेक लेखकांनी इथे समाधानाने लेखणी ठेवली असती. ले ग्विन अठरा वर्षांनी परतल्या, आणि त्यांनी आपल्याच नियमांची तपासणी मांडली. रोकच्या विद्यालयात फक्त पुरुष का? पहिल्या पुस्तकात गॉन्टवरच्या दोन म्हणी आहेत, बायकांची जादू दुबळी आणि बायकांची जादू दुष्ट अशा अर्थाच्या. गेडला मंत्राची पहिली ओळख करून देणारी मावशी त्या म्हणींखाली दबून गेली होती. ‘तेहानू’त (१९९०) शक्ती गेलेला गेड शेळ्या राखतो, आणि कथा एका शेतकरणीच्या घरात, भाजलेल्या एका लहान मुलीभोवती घडते. ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’मधून (२००१) कळतं, की रोकचं विद्यालय उभारण्यात बायका होत्या, त्यांना नंतर बाहेर काढलं गेलं. म्हणजे निसर्गाचा म्हणून सांगितलेला नियम माणसांनी केलेला होता.

त्याच वर्षीच्या ‘दि अदर विंड’मध्ये त्या आणखी खोल जातात. ऑल्डर हा फुटकी भांडी सांधणारा साधा मांत्रिक. त्याची मेलेली बायको रोज स्वप्नात मृतांच्या प्रदेशाच्या दगडी भिंतीपलीकडून त्याला हाक मारते. ही भिंत, हा कोरडा, वाराही नसलेला प्रदेश वाचकाने पहिल्या पुस्तकापासून सृष्टीक्रम म्हणून मान्य केलेला असतो. आता उलगडतं, की तोच मूळचा अपराध होता. नामविद्येच्या बळावर अमरत्व मिळवण्यासाठी प्राचीन जादूगारांनी ड्रॅगनांच्या वाट्याचा प्रदेश हिरावून भिंत घातली, आणि त्यात मृतांचे जीव अडकून पडले. ज्या विद्येला तीन पुस्तकं आपण मान दिला, तिच्या मुळाशीच संतुलन मोडलेलं निघतं. शेवटी भिंत पाडली जाते.

या बदलांमुळे काही जुने वाचक नाराज झाले. आवडती तीन पुस्तकं बिघडवली, असं त्यांना वाटलं. मला ते पटत नाही. सत्तेची किंमत कोण भरतं हा प्रश्न पहिल्या पानापासून विचारणाऱ्या लेखिकेला तो स्वतःच्या रचनेलाही विचारणं भागच होतं, आणि नवी उत्तरं जुन्या पुस्तकांतल्या खुणांशी जुळतात. भिंत, म्हणी, मावशी हे सगळं १९६८ सालीच तिथे होतं.

ले ग्विन २२ जानेवारी २०१८ रोजी पोर्टलंडमध्ये वारल्या. अर्थसीची सहा पुस्तकं आहेत, पहिल्या आणि तिसऱ्याच्या मधे ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ही येतं. ती प्रसिद्ध झाली त्याच क्रमाने वाचा. आणि तिसऱ्यावर थांबू नका.